ओवी, भूपाळी, बालेघाटी : मराठी गाण्यांच्या नावांचा माग

मराठी लोकपरंपरेत गाण्याचे नाव सहसा कर्त्यावरून पडलेले नाही. ते पडले कामावरून, वेळेवरून, मुलखावरून, पागोट्यावरच्या दागिन्यावरून, नाहीतर त्याच चालीवरच्या आधीच्या एखाद्या गाण्यावरून. नाव पडण्याचे कारण त्या काळच्या लोकांना ठाऊकच होते, म्हणून कोणी लिहून ठेवले नाही. पुढे कारण विसरले गेले आणि नाव मात्र चिकटून राहिले. मग नावाला साजेल अशी गोष्ट मागाहून तयार झाली. अशा गोष्टी बाजूला काढून नावांचा माग घेतला, तर मराठी गाण्याचा सुमारे नऊशे वर्षांचा प्रवास दिसतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात डोंगरकडा नावाचे गाव आहे. या नावाचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. पण या मुलखात पहाटे, रात्री, लग्नात आणि शिमग्यात म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांची नावे तितकी सरळ नाहीत. ओवी, अभंग, काकडा, भूपाळी, भारूड, लमाण तांड्यांवरची होळीची लेंगी यांतले कोणतेही नाव घेतले, तरी ‘हे नाव का?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर मिळत नाही.

यातले सर्वांत जुने नाव ओवीचे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रात बायका धान्य कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ती ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षे आधीची आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांनी १२९०मध्ये सुमारे नऊ हजार ओव्यांत गीतेवर टीका केली, तेव्हा त्यांनी नवे वृत्त घडवले नाही. उखळ-मुसळापाशी रुळलेले गाणे त्यांनी ग्रंथात आणले.

ओवी हा शब्द ‘ओवणे’पासून आला, असे सर्रास सांगतात. फुले दोऱ्यात ओवावीत तसे शब्द ओवायचे, म्हणून ओवी. उपमा देखणी आहे आणि शब्दही जुळतो, पण तेवढ्याने व्युत्पत्ती पक्की होत नाही. ओवीला साडेतीन चरणांची मानतात. तीन चरण एकाच यमकात येतात आणि चौथा आखूड असतो. काही अभ्यासक या साडेतीनाच्या हिशेबातच नावाचे मूळ शोधतात. ‘साडेतीन’ या अर्थी जुन्या मराठीत ‘औट’ हा शब्द आहे, तिकडे ते लक्ष वेधतात.

ओवीचे रूप कळायला जाते पाहावे लागते. दोघीजणी समोरासमोर बसतात, खुंट्यावर दोघींचा हात असतो. एक हात ओढतो, दुसरा ढकलतो आणि मोकळ्या हाताने मूठमूठ दाणे तोंडात टाकायचे असतात. पाळू जड असली की श्वास लवकर तुटतो. ओवीचा चरण त्या श्वासाएवढाच असतो, आणि चरण संपतो तिथे दाणे टाकायला उसंत मिळते. एक ओवी म्हणते, दुसरी शेवटचा तुकडा उचलते. म्हणून कंठातल्या ओवीत अक्षरे कमी-जास्त झालेली चालतात. ग्रंथातल्या ओवीने हे सैलपण तसेच ठेवले, जाते मात्र मागे राहिले. पिठाच्या गिरण्या गावोगावी आल्यावर कंठातली ओवीही मागे पडू लागली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. अनेक बायकांच्या घरात तोवर जाते केवळ लग्नातल्या हळदीपुरते उरले होते. काम गेले, तरी त्या गाण्याला ‘जात्यावरची ओवी’च म्हणतात.

सोमेश्वरानंतर शतकभराने देवगिरीच्या यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या प्रबंधांच्या यादीत धवल, मंगल, ओवी ही नावे येतात. शास्त्रकाराने लोकांच्या तोंडची नावे संस्कृतात बसवली, हे त्यावरून उघड होते. यातला ‘धवल’ मराठीत ‘धवळे’ म्हणून लग्नघरात राहिला. महानुभाव पंथातल्या महदंबेचे श्रीकृष्ण-रुक्मिणी विवाहावरचे धवळे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहेत, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचा मान त्यांवरच उभा आहे. धवल म्हणजे पांढरा, शुभ्र, मंगल. रंगाचे नाव लग्नगीताला का मिळाले, हे शार्ङ्गदेवही सांगत नाही. त्याच्या काळी तो प्रश्न पडण्याजोगा नसावा.

अभंगाच्या नावाचा माग हिंगोली जिल्ह्यातच सुरू होतो. कयाधू नदीकाठचे नर्सी हे संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाते, आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची गाठ पडली ते औंढा नागनाथ इथून जवळच आहे. अभंग म्हणजे न भंगणारा. हा अर्थ सांगताना लोक तुकोबांच्या वह्यांची आठवण काढतात. त्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या, म्हणून ते काव्य अभंग, असे कीर्तनातून ऐकवले जाते. पण ही गोष्ट सतराव्या शतकातली आहे आणि नाव त्याच्या फार आधीचे. नामदेवांच्या गाथेतल्या एका रचनेत अभंगाचे गणितच दिले आहे : साडेतीन चरण, बावीस अक्षरे. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार, अशी ती बेरीज होते. म्हणजे ‘अभंग’ हे नाव भक्तीच्या अभंगत्वाआधी रचनेच्या सलगपणाकडे बोट दाखवते. ओवीला ठरावीक लांबी नाही आणि कडव्यांनाही अंत नाही. तीच ओवी मोजून, ध्रुपद जोडून, टाळ-मृदंगावर अखंड म्हणता येईल अशी बांधली की तिचा अभंग होतो. इंद्रायणीच्या गोष्टीने त्या जुन्या नावाला नवा अर्थ दिला, आणि तो इतका पटला की मूळ अर्थ मागे पडला.

वारकऱ्यांच्या नित्यक्रमातली काही नावे वस्तूवरून आली आहेत आणि त्यांचा उलगडा सोपा आहे. काकडा म्हणजे कापडाची पिळून केलेली, तुपात भिजवलेली जाड वात. पहाटे ती पेटवून देवाला ओवाळायचे. त्या आरतीला काकडआरती म्हणू लागले, आणि तेव्हा म्हणायच्या अभंगांच्या सबंध मालेलाही ‘काकडा’ हेच नाव मिळाले. दिंडीचे तितके सोपे नाही. दिंडी म्हणजे वारीत चालणारा टाळकऱ्यांचा मेळा. मोठ्या दरवाजातल्या लहान दरवाजालाही दिंडी म्हणतात. दिंडी नावाचे एक मात्रावृत्तही आहे. त्याच्या प्रत्येक चरणात एकोणीस मात्रा, नऊ आणि दहा अशा पडतात. ते वृत्त मेळ्याच्या पावलांवरून आले असे वाटणे साहजिक आहे. परंतु कीर्तनकारांनी आणि नाटककारांनी ते वापरले ते बहुधा करुण किंवा संथ प्रसंगी, चालत्या मेळ्यासाठी नव्हे. साकी या अठ्ठावीस मात्रांच्या वृत्ताचेही तसेच. हिंदी संतांची ‘साखी’ तिच्या मागे आहे, की फारसी मैफलीतला ‘साकी’, याचा निवाडा केवळ शब्दाच्या ध्वनीवरून होत नाही.

भूपाळीचे कोडे याहून मजेदार आहे. देवाला जागे करण्याचे पहाटेचे गीत म्हणजे भूपाळी, आणि ते भूप रागात गातात म्हणून ते नाव, असे सर्वसाधारण उत्तर मिळते. पण हिंदुस्थानी संगीतात भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग आहे. नेमके तेच पाच स्वर घेऊन सकाळी गातात तो देसकार. मग पहाटेच्या गाण्याला संध्याकाळनंतरच्या रागाचे नाव कसे? कर्नाटक संगीतात ‘भूपालम्’ नावाचा राग आहे आणि तो पहाटेचाच आहे. त्याचे रिषभ आणि धैवत कोमल, म्हणजे स्वर वेगळे. नाव जुने, वेळ जुनी. उत्तरेकडे त्या नावाखालचे स्वर बदलले आणि वेळही सरकली, पण मराठी देवघरात नाव व वेळ यांची जोडी तशीच टिकली, असा तर्क यावरून करता येतो. पुण्याचा गवळी शाहीर होनाजी याची श्रीकृष्णावरची भूपाळी घरोघरी पोचली. व्ही. शांताराम यांनी १९५१मध्ये त्याच्यावर चित्रपट काढला, तेव्हा त्याचे नाव ‘अमर भूपाळी’ ठेवले. होनाजीची ख्याती खरी लावणीची. चित्रपटाच्या नावात मात्र भूपाळी आली.

पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) भारुडांना जी नावे दिली, ती पात्रांची आहेत. वासुदेव, जोशी, गोंधळी, महार, फकीर, विंचू चावलेली बाई अशी गावात दारोदार फिरणारी किंवा वेशीपाशी भेटणारी माणसे त्यांत बोलतात. पण ‘भारूड’ हा शब्दच अडतो. बहुतांत रूढ ते ‘बहुरूढ’ आणि त्याचे भारूड, हे एक मत. भारुंड नावाच्या दोन तोंडांच्या पक्ष्यावरून ते आले, कारण भारुडातही एक अर्थ वर आणि दुसरा आत असतो, हे दुसरे. धनगरांच्या एका जमातीच्या नावाशी संबंध जोडणारे तिसरेही मत आहे. पक्ष्याची गोष्ट सर्वांना आवडते, कारण ती भारुडाचे वर्णन अचूक करते. व्युत्पत्ती म्हणून ती दुबळी आहे तीही त्याचमुळे : गाण्याचा स्वभाव आधी पाहून मग त्याला शोभेल असा पक्षी शोधल्यासारखी ती वाटते.

शाहिरी काळातली नावे जास्त धीट आहेत. पोवाडा या शब्दाचे ‘पवाड’ हे रूप ज्ञानेश्वरीत विस्तार, पराक्रम, थोरवी अशा अर्थांनी येते. पवाडणे म्हणजे पसरणे. संस्कृत ‘प्रवाद’ या शब्दाशीही त्याचे नाते जोडतात. म्हणजे आधी पवाडा हे कर्तृत्व होते, मग त्या कर्तृत्वाच्या गाण्याला पोवाडा म्हणू लागले. अफजलखानाच्या वधावरचा अगिनदासाचा आणि सिंहगडावरचा तुळशीदासाचा हे शिवकालातले नामांकित पोवाडे. हॅरी अर्बथनॉट अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१मध्ये पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह छापला. तोवर ते गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या कंठातच होते, आणि संबळाच्या किंवा डफाच्या तालावर त्यांच्या चाली वेगवेगळ्या होत. छापखान्याने शब्द टिपले, चाली टिपल्या नाहीत. औरंगाबादेत राहिलेल्या अमृतरायांचे (१६९८–१७५३) ‘कटाव’ आणि संगमनेरच्या अनंत फंदीचा (१७४४–१८१९) ‘फटका’ ही नावे तर ऐकताक्षणी कळतात. कटावात अनुप्रासांची सरबत्ती आणि श्वास न सोडता म्हणण्याची चढाओढ असते, तर फटक्यात उपदेशाचा चाबूक. फंदी हे अनंताचे आडनाव नव्हे, तो घोलप. मलिक फंदी या सोबत्यावरून त्याला ते नाव चिकटले, असे सांगतात.

लावणी या नावाभोवती सर्वांत मोठा वाद आहे. एक गट ती लावण्यापासून आली म्हणतो. दुसरा तिला ‘लावणे’ या क्रियापदाशी, रोपांच्या लावणीशी जोडतो. पेशवाईतल्या कागदांत ‘लावणी-संचणी’ म्हणजे पडीक जमीन लागवडीस आणणे, हा शब्द नेहमीचा आहे. तिसरा गट संस्कृत ‘लापनिका’कडे जातो. चौथ्याच्या मते शब्द एकापुढे एक लावायचे, म्हणून लावणी. लावण्याची व्युत्पत्ती होनाजी, राम जोशी, प्रभाकर, सगनभाऊ यांच्या शृंगारिक लावण्यांना शोभते. पण आद्य लावण्यांत ज्या रचनेची गणना होते, ती बीडजवळच्या कपिलधारचे वीरशैव संत मन्मथ शिवलिंग यांची कऱ्हाडच्या भवानीवरची आहे, आणि ती भक्तिपर आहे. सोलापूरच्या राम जोशींनीही आध्यात्मिक लावण्या रचल्याच. तेव्हा नाव शृंगारावरून पडले असते, तर देवीच्या गाण्याला ते कसे मिळाले, याचे उत्तर द्यावे लागते. रोपाच्या लावणीचाही तोच घोळ आहे. शाहिरी लावणीत शेत क्वचितच दिसते.

लावणीच्या पोटप्रकारांची नावे म्हणजे जुन्या तमाशाचा नकाशाच. बैठकीची आणि फडाची ही नावे गाण्याच्या जागेवरून आली. एक दिवाणखान्यात बसून अदाकारीने सांगायची, दुसरी उभ्याने, ढोलकी-तुणतुण्याच्या साथीत, कनातीमागच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवायची. चौकाची लावणी चार-चार चौकांत कथा सांगते. सवाल-जवाब म्हणजे दोन फडांची झुंज. छक्कड खेळकर, चटकदार आणि जलद असते. तिचे नाव सहाच्या आकड्याची आठवण करून देते, पण सगळ्या छकडी त्या मापात बसत नाहीत. जुन्नरी हे नाव पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरचे आहे. आजही तमाशाच्या सुपाऱ्या ठरवण्याचे मोठे ठिकाण असलेले नारायणगाव त्याच तालुक्यात आहे.

बालेघाटी मात्र मराठवाड्याची. हरिश्चंद्रगडापासून निघालेली बालाघाटची रांग नगर, बीड, धाराशिव, लातूर असे करत नांदेडपर्यंत येते. नावावरून ही त्या मुलखाची चाल ठरते. पण तमाशात ‘बालेघाटी’ म्हटले की मुलूख आठवत नाही, विरह आठवतो. दूर गेलेल्या प्रियकरासाठी झुरणाऱ्या स्त्रीची ही लावणी संथ लयीत, आळवून गातात. घाटावरच्या चालीत विरहाची गाणी गाजली आणि प्रदेशाचे नाव भावाचे झाले, हा त्याचा सरळ अर्थ. पुण्या-नगरकडच्या फडात ही चाल पोचल्यावरच तिला प्रदेशाचे नाव लागले असणार, कारण घरच्या चालीला कोणी गावाच्या नावाने ओळखत नाही. जुन्नरीचेही तसेच म्हणता येते. मुलखाचे नाव पाहुण्या चालीला लागते.

कलगी-तुरा ही नावे पागोट्यावरून आली. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानतात, कलगीवाले शक्तीला, आणि दोन्ही पक्ष भेदिक लावण्यांतून एकमेकांना कूट प्रश्न घालतात. राजाने दोन शाहिरांवर खूश होऊन एकाला शिरपेचातली कलगी आणि दुसऱ्याला तुरा दिला, अशी दंतकथा आहे. माळवा आणि राजस्थानात ‘तुर्रा-कलंगी’ हा लोकनाट्यप्रकार आहे. तिथे ती दंतकथा चंदेरीच्या राजाची, आणि तुकनगीर गोसावी व शाह अली फकीर यांची म्हणून सांगतात. दागिन्यांची ही जोडी मराठी मुलखापुरती नाही, एवढे त्यावरून ठरते. दक्षिणेत याचाच आरसा तंजावरला दिसतो. १६७०च्या दशकात तिथे भोसल्यांचे राज्य आले आणि १८५५पर्यंत टिकले. त्या भागात कामदहनाच्या सणाला ‘लावणी’ नावाचा तमिळ प्रकार गातात, आणि त्यातही दोन पक्ष असतात : एक म्हणतो काम जळाला, दुसरा म्हणतो जळाला नाही. भाषा बदलली, विषय बदलला, पण मराठी नाव आणि वादाचा बाज कायम राहिला.

एकोणिसाव्या शतकात चालींना नाव देण्याची एक नवी रीत छापील झाली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. सात अंकांत दोनशेहून अधिक पदे असलेल्या या नाटकाचे पुस्तक उघडले, की पदाच्या डोक्यावर साकी, दिंडी अशी वृत्ताची नावे दिसतात, नाहीतर ‘चाल’ हा शब्द आणि त्यापुढे आधीच्या गाण्याचे पहिले चार-दोन शब्द. ते गाणे लावणी असेल, कीर्तनातले पद असेल, किंवा कानडी असेल. किर्लोस्कर स्वतः बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे होते. ही नोंद नटासाठी होती. त्याला ते जुने गाणे पाठ असे, म्हणून स्वरलिपीची गरज नव्हती. पुढच्या नाटककारांनी शाकुंतलाच्या पदांवर नवी पदे बांधली, आणि आता ‘चाल’ या शब्दापुढे शाकुंतलाचे शब्द आले. अशी साखळी वाढत गेली. आज अनेक ठिकाणी मूळ गाणे कोणाला येत नाही. चालीला नाव आहे, पण त्या नावाआडची चालच हरवली आहे. १९११च्या ‘मानापमान’पासून गोविंदराव टेंब्यांसारख्या संगीतकारांनी रागदारी बंदिशींवर पदे बांधली, तेव्हा पदांवर रागाचे आणि तालाचे नाव ठळक होऊ लागले.

तमाशात त्याआधीच एक नवे नाव रुजले होते. उमा-बाबू सावळजकरांचा ‘मोहना-बटाव’ हा १८६५चा वग पहिला मानतात. वग हा शब्द ‘ओघ’पासून आला, असे सांगतात. गण, गौळण, बतावणी असे तुकडे सुटे होते. वगात प्रथमच कथा ओघाने शेवटपर्यंत चालली, म्हणून ही व्युत्पत्ती निदान प्रकाराशी विसंगत नाही. गौळण हे नाव संतांच्या कृष्णगीतांतून तमाशात आले, मावशी या विनोदी पात्रासह रुळले, आणि आज ते ऐकल्यावर भजनी मंडळ आठवावे की फड, हे ऐकणाऱ्यावर ठरते.

नावांचा असा प्रवास मराठीपुरता नाही. अमेरिकेच्या लुइझियानात केजन लोक राहतात. त्यांच्या फ्रेंच पूर्वजांना इंग्रजांनी १७५५पासून कॅनडाच्या अकेडियातून हुसकावले, आणि अकेडियनचे बोलीत केजन झाले. त्यांच्या नाचाच्या चालींना लाफायेत, मामू अशा गावांची, सोनेरी केसांच्या प्रेयसीची, नाहीतर नाचाच्या पावलांची नावे आहेत. १९२८मध्ये जो फाल्कन आणि क्लिओमा ब्रो यांनी पहिली केजन तबकडी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा तबकडीवर छापण्यासाठी प्रत्येक चालीला एक नाव देणे भागच पडले. तोवर एकाच चालीला गावागणिक वेगळे नाव असे. छापले गेले ते खरे ठरले. हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग १९०२मध्ये आला आणि इथेही तेच झाले. तबकडीच्या लहानशा गोल कागदावर मावेल एवढे नाव उरले.

या सगळ्या नावांना एकत्र ठेवले, की काही गोष्टी स्पष्ट होतात. कामावरून आणि वस्तूवरून पडलेली नावे सर्वांत भरवशाची, कारण काम आणि वस्तू पाहता येतात : काकडा, जात्यावरची ओवी, बैठकीची लावणी. मुलखाची नावे परक्या मुलखात पडलेली असतात. रागाची नावे फसवी, कारण नावाखालचे स्वर बदलतात. आणि ज्या नावाबरोबर चमत्काराची किंवा राजाच्या बक्षिसाची गोष्ट येते, तिथे आधी सन पाहावा. अभंगाचे नाव इंद्रायणीच्या वह्यांहून सुमारे तीनशे वर्षांनी जुने आहे, हे नर्सीच्या नामदेवांकडे पाहिले की लगेच कळते.